हाडांची साक्ष

पवना नदीच्या काठी वसलेल्या रावेतच्या परिसरात पायाखालचा खडक काळा व कठीण आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून बाहेर आलेला लाव्हारस थंड होऊन तो तयार झाला. अशा उकळत्या रसात प्राण्याचे हाड कसे टिकणार? परंतु या खडकावर नद्यांनी पसरलेल्या गाळाची गोष्ट निराळी आहे. गाळात लवकर पुरले गेलेले हाड सहसा कुजून नाहीसे होत नाही. पाण्यातील खनिजे त्याच्या सूक्ष्म छिद्रांत साचतात आणि कालांतराने ते दगडासारखे जड होते. यालाच जीवाश्म म्हणतात. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर येथे गोदावरीच्या गाळात प्राचीन हत्तीचे अवशेष मिळाले. जी. ई. पिल्ग्रिम यांनी १९०५ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले.

हत्तीची थोराड हाडे दीर्घकाळ टिकतात. पक्ष्यांची हाडे नाजूक असल्यामुळे ती क्वचितच हाती येतात. आली तरी बहुधा तुकड्यांच्या रूपाने. तो तुकडा पक्ष्याचा आहे, हे कशावरून ओळखावे? पक्ष्यांची लांब हाडे पोकळ असतात आणि त्यांची भिंत पातळ असते. काही हाडांच्या आत बारीक आडव्या काड्यांचा आधार असतो. उडणाऱ्या पक्ष्यांच्या छातीच्या हाडावर नावेच्या कण्यासारखी उभी कड असते. पंख हलविणारे स्नायू तिलाच जोडलेले असतात. पायाचे एक लांब हाड तर अनेक हाडे जुळून बनलेले असते.

तरीही एकाच खुणेवर विसंबून चालत नाही. वटवाघळाचे हाडही बारीक व पातळ भिंतीचे असते. म्हणून तज्ज्ञ मिळालेला तुकडा आजच्या प्राण्यांच्या हाडांशी ताडून पाहतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात या कामासाठी हाडांचा संग्रह जपलेला आहे.

कधी कधी हाड नाहीसे होते आणि अंड्याचे कवच तेवढे मागे उरते. जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथे एस. ए. साळी यांनी केलेल्या उत्खननात जाड कवचाचे तुकडे मिळाले. ते शहामृगाच्या अंड्याचे होते! त्यांचे वय सुमारे पंचवीस हजार वर्षे ठरले. एका तुकड्यावर तर माणसाने कोरलेल्या आडव्यातिडव्या रेषा होत्या. पुढे २०१७ मध्ये हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी भारतात सापडलेल्या अशा जुन्या कवचांतील आनुवंशिक द्रव्य तपासले, तेव्हा ते आफ्रिकेतील शहामृगाशी जुळले. आज भारतात एकही रानटी शहामृग नाही. परंतु एके काळी तो येथे होता, हे त्या कवचांनी सिद्ध केले.

ही साक्ष मिळाली ती केवळ तुकड्यांमुळे नव्हे. ते कोणत्या थरात, किती खोल आणि कोणत्या वस्तूंसोबत होते, याची नोंद राहिली म्हणून त्यांना अर्थ आला. कुतूहलापोटी उचलून खिशात घातलेले हाड मुके होते. त्याच्या जागेची साक्ष कायमची पुसली जाते. यास्तव नदीकाठी असे काही दिसल्यास ते न उकरता जागा नीट लक्षात ठेवावी आणि जाणत्यांना कळवावे. भूमीने हजारो वर्षे सांभाळलेली ठेव आपण क्षणभराच्या हौसेने गमावू नये.