पंचविसाव्या हिश्श्यातला बर्फनांगर

अमेरिकेच्या मिशिगन राज्यात, सुपीरियर सरोवरात उत्तरेकडे घुसलेल्या किविनॉ द्वीपकल्पावर, १९७८-७९ च्या हिवाळ्यात ३९०.४ इंच, म्हणजे साडेबत्तीस फूट, बर्फ पडल्याची नोंद आहे, आणि तेथील हमरस्त्याच्या कडेला त्या विक्रमाची खूण दाखवणारी एक उंच मोजपट्टी मुद्दाम उभी केलेली आहे. सरोवराच्या त्यामानाने उबदार पाण्यावरून वाहत आलेला थंड वारा वाटेत बाष्प उचलतो आणि किनारा गाठताच ते बर्फाच्या रूपाने टाकून देतो, ही तेथली दरसालची रीत. मिशिगनपासून न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागापर्यंतचे सरोवरकाठचे कितीतरी जिल्हे याच कारणाने हिवाळाभर बर्फाखाली दबलेले असतात. अशा मुलखात रस्ता उघडा ठेवण्याची जबाबदारी रस्तेखात्यावर असते, आणि ती ज्या वाहनाच्या बळावर पार पडते, ते पुढे पोलादी नांगर व पाठीवर मिठाचा हौदा वागवणारे वाहन मूळच्या पंचविसाव्या हिश्श्यात हुबेहूब घडवण्याचा नाद ज्यांना लागला, त्यांच्या कसबाचा परिचय करून देण्याचा येथे विचार आहे.

या वाहनाच्या इतिहासात एक गोष्ट प्रारंभापासून दिसते, ती ही की बर्फनांगराचा ट्रक म्हणूनच जन्माला आलेले ट्रक थोडे. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकी सैन्याकडे शिल्लक उरलेले ट्रक सरकारने राज्याराज्यांच्या रस्तेखात्यांकडे वर्ग केले. त्यांत विस्कॉन्सिनमधील क्लिंटनव्हिल गावच्या कारखान्यात बनलेले, चारही चाकांना गती देणारे एफडब्ल्यूडी ट्रकही होते, आणि तोफखान्याचे सामान ओढण्यासाठी तयार झालेल्या त्या गाड्यांपुढे नांगर बांधून त्यांना बर्फावर सोडण्यात आले. त्याच सुमारास न्यूयॉर्क राज्यातील क्लेटन गावी कार्ल फ्रिंक याने ट्रकला जोडण्याच्या नांगरांचा धंदा उभा केला व त्याचे नाव पुढे बर्फाच्या मुलखात घरोघर माहीत झाले. केवळ या कामासाठी घडलेली वाहनेही झाली, नाही असे नाही. १९१७ साली विस्कॉन्सिनमध्ये स्थापन झालेल्या ऑशकॉश कंपनीने चारचाकी गतीच्या आपल्या ट्रकांना या क्षेत्रात नाव मिळवून दिले, आणि वॉल्टर कंपनीच्या ‘स्नो फायटर’ या गाडीत तर इंजिन पुढच्या ॲक्सलच्याही पुढे नेऊन बसवले होते, जेणेकरून नांगराच्या मागे वजनाचा भरपूर दाब राहावा. परंतु सर्वसाधारण रिवाज असा की रस्तेखात्याने बाजारात मिळणारा साधा डंपर विकत घ्यावा, आणि खात्याच्या किंवा मक्तेदाराच्या कारखान्यात त्याच्या चॅसीला छिद्रे पाडून, पुढचे पाटे भरभक्कम करून, पंप, नळ्या व जोड-चौकट बसवून त्याचा नांगर-ट्रक करावा.

या एका वस्तुस्थितीत सगळ्या छंदाचे मर्म आहे, असे मला वाटते. खरा नांगर-ट्रकच जर फेरफारातून तयार होतो, तर त्याच्या प्रतिकृतीने खोक्यातून जशीच्या तशी बाहेर पडून पुरे कसे होईल? फोर्ड कंपनीच्या ‘लुइव्हिल’ मालिकेचेच उदाहरण घ्यावे. केंटकी राज्यातील लुइव्हिल शहरच्या कारखान्याचे नाव लाभलेली ही मालिका १९७० पासून १९९८ पर्यंत निघत राहिली, आणि तिच्यातला आखूड बॉनेटचा, मागे दोन ॲक्सलांचा ‘एलएनटी-८०००’ हा ट्रक खात्यांच्या आवारांत सर्रास दिसे. मिशिगनमध्येच उगम पावलेल्या एएमटी या कंपनीने त्याचा १/२५ प्रमाणाचा प्लॅस्टिकचा संच काढला, आणि नांगरासह त्याची आवृत्तीही निघाली. संच उत्तम आहे. पण त्यातला नांगर हा एक नांगर आहे, आणि प्रत्यक्षात प्रत्येक जिल्ह्याची तजवीज निराळी. कोठे एकाच बाजूला बर्फ फेकणारे पाते, कोठे दोन्ही बाजूंना वळवता येणारे, कोठे होडीच्या नाळेसारखे त्रिकोणी, तर कोठे उजव्या अंगाला आणखी एक पंख. म्हणून ज्याला आपल्या गावच्या रस्त्यावरचा ट्रक हवा आहे, त्याला संचातली केबिन, चाके व इंजिन तेवढे घेऊन बाकीचे सारे कोऱ्या प्लॅस्टिकच्या तक्त्यातून, पट्टीतून आणि तारेतून स्वतः घडवावे लागते.

त्यातले सर्वांत रम्य आणि सर्वांत कठीण प्रकरण म्हणजे पाते. एका बाजूला बर्फ फेकणारा नांगर पाहिला तर तो एका टोकाला बुटका व दुसऱ्या टोकाला उंच असतो. बुटक्या टोकाशी उचललेले बर्फ वळणावरून गुंडाळत, वेग घेत उंच टोकातून रस्त्याबाहेर उधळले जावे, अशी ती योजना आहे. भूमितीच्या दृष्टीने असे पाते म्हणजे शंकूच्या पृष्ठाचा एक तुकडा होय, आणि शंकूचे पृष्ठ सपाट उलगडता येते, ही गोष्ट कारागिराच्या पथ्यावर पडते. समजा, मूळ पाते दहा फूट लांब आहे, आणि पत्र्याच्या वळणावरून मोजली असता त्याची उंची बुटक्या टोकाला अडीच फूट व उंच टोकाला साडेचार फूट भरते. पंचविसाव्या हिश्श्यात ही मापे अनुक्रमे १२२, ३०.५ व ५५ मिलिमीटर होतात. हे पाते सपाट उलगडले की त्याच्या दोन्ही लांब कडा सरळ रेषा होतात, पण समांतर नव्हेत; त्या बुटक्या टोकाकडे एकमेकींच्या जवळ येत जातात आणि तशाच पुढे वाढवल्या तर सुमारे १५२ मिलिमीटरवर एका बिंदूत मिळतात. तो बिंदू शंकूचे शिखर. त्यावर कंपासचे टोक रोवून १५२ व २७४ मिलिमीटर त्रिज्यांचे दोन कंस काढले की दोन्ही आखूड कडा हाती येतात. नवशिका माणूस येथे चौकोनी पट्टी कापतो, ती वाकवतो, आणि मग खालची धार जमिनीला सलग का टेकत नाही म्हणून तिला कानशीने घासत बसतो. कागदावर आधी कंस काढणाऱ्याला ती मेहनत पडत नाही.

कापलेला तक्ता वाकवण्याची रीतही ऐकण्यासारखी आहे. ज्या पॉलिस्टायरीनचे हे तक्ते असतात ते शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते. म्हणून एखाद्या निमुळत्या धातूच्या पेल्यावर तक्ता चिकटपट्टीने घट्ट बांधून उकळीला आलेल्या पाण्यात काही काळ बुडवायचा आणि लगेच थंड पाण्यात घालायचा. सोडवल्यावर तो किंचित उलगडतो, त्यामुळे पेला हव्या त्या वळणापेक्षा थोडा अरुंदच निवडावा लागतो. जाडीचा प्रश्न याहून नाजूक आहे. मूळ पत्रा साधारण साडेतीन मिलिमीटरचा असेल तर त्याचा पंचविसावा हिस्सा ०.१४ मिलिमीटर, आणि एवढ्या पातळ प्लॅस्टिकला स्वतःचा आकार धरवत नाही. तेव्हा पाव मिलिमीटरचा तक्ता घेऊन दिसणाऱ्या कडाच तेवढ्या काचकागदाने आतून घासून पातळ करायच्या, आणि पाठीमागे खऱ्या नांगराला असतात तशाच उभ्या फासळ्या चिकटवून वळण कायम करायचे. खाली रस्त्याला घासणारी धार-पट्टी मात्र मुळातच अर्धा इंच जाडीची असते. तिला अर्ध्या मिलिमीटरची पट्टी बरोबर लागू पडते. फासळ्या लागल्या की पाते बोटांनी दाबूनही डळमळत नाही.

पाते झाले की त्याच्या मागची यंत्रणा येते, आणि येथे डोळ्यापेक्षा बुद्धीची परीक्षा अधिक आहे. पंधरा-वीस टनांचा ट्रक ताशी चाळीस-पन्नास किलोमीटर वेगाने जात असता नांगरावर जो रेटा येतो तो बंपरवर सोपवणे शक्य नाही. तो जोड-चौकटीतून चॅसीच्या दोन मुख्य दांड्यांत उतरावा लागतो. तिरक्या धरलेल्या पात्यामुळे तोच रेटा ट्रकचे नाक आडवे ढकलू पाहतो, म्हणून पाठीवर वजन हवे आणि गरज पडेल तेव्हा चाकांना साखळ्या हव्या. रस्त्यात गटाराचे झाकण किंवा उचललेला सांधा आला तर धार अडकून सगळा आघात चालकाच्या केबिनीत येऊ नये म्हणून पात्यामागे जाड स्प्रिंगा असतात. अडथळा लागला की पाते पुढे झुकते, तो ओलांडला की पुन्हा उभे राहते. अर्ध्या मिलिमीटरची तांब्याची तार दोन मिलिमीटरच्या सळईवर एकास एक वेढे लावून गुंडाळली आणि नंतर हलकेच ताणली की अशी स्प्रिंग मिळते. नळ्यांसाठी डाग देण्याची मऊ तार सर्वांत चांगली, कारण ती जेथे वाकवावी तेथे वाकलेली राहते आणि खऱ्या रबरी नळीचा जडपणा तिच्यात उतरतो. अनेक प्रतिकृती मी छायाचित्रांतून न्याहाळल्या आहेत. रंग सुंदर, अक्षरे रेखीव, आणि नांगर पाहावा तर बंपरच्या पत्र्याला चिकटवलेला. ज्या प्रतिकृतीत बळाची वाट खोटी आहे, तिचे बाकीचे सौंदर्य मला मान्य होत नाही.

उजव्या अंगाचा पंख हा आणखी एक मोठा विषय आहे. पुढच्या नांगराने कडेला लोटलेली रास आणखी पलीकडे सारणे, आणि उंच झालेल्या भिंतीचा माथा कापून पुढच्या बर्फवृष्टीसाठी जागा करून ठेवणे, हे त्याचे काम. पूर्वी तो वरखाली करण्यासाठी चालकाच्या शेजारी दुसरा माणूस तैनात असे. केबिनीपुढचा उभा खांब, त्यावरची कप्पी, तेथून पंखापर्यंत गेलेला तारेचा दोर आणि पंखाला मागून रेटणारे दोन दांडे एवढे सामान प्रतिकृतीत नीट बसले की ट्रकचे सारे रूपच पालटते. मिठाचा हौदा त्यामानाने सोपा आहे: उतरत्या भिंती, तळाशी मीठ मागे वाहून नेणारी साखळी, शेपटाशी ते फेकणारी गरगरती तबकडी आणि वरून ढेकळे अडवणारी जाळी. बारकाव्यांत दोन कधी विसरू नयेत. नांगर उचलला की ट्रकचे मूळ दिवे झाकले जातात, म्हणून बॉनेटच्या दोन्ही बाजूंना उंचावर दुसरे दिवे असतात. आणि पात्याची टोके चालकाला बसल्या जागेवरून दिसावीत म्हणून त्यांवर दोन उभ्या काठ्या असतात.

रंगकामात मिठाची कथा पुन्हा येते. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्याने १९४१-४२ च्या हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकण्याचे सर्वसाधारण धोरण स्वीकारले, आणि युद्धानंतर ती प्रथा सर्वत्र पसरली. पाण्यात सुमारे २३ टक्के मीठ विरघळले तर ते उणे २१ अंश सेल्सिअसपर्यंत गोठत नाही, पण व्यवहारात उणे नऊ-दहा अंशांखाली मिठाचा उपयोग झपाट्याने कमी होतो व वाळूचा आश्रय घ्यावा लागतो. हेच मीठ त्या ट्रकांचा काळ ठरते. दरवाजांची खालची कड, केबिनीचे कोपरे, हौद्याचे सांधे पाचदहा हिवाळ्यांत गंजून जातात. प्रतिकृतीवर हा गंज दाखवण्याची एक जुनी युक्ती अशी की आधी गंजाचा तपकिरी रंग द्यावा, तो वाळल्यावर जागोजाग पाण्याचा हात फिरवून त्यावर स्वयंपाकघरातले मीठ भुरभुरावे, ते वाळून चिकटले की वर खात्याचा नारिंगी रंग फवारावा, आणि शेवटी ओल्या ब्रशाने मीठ झाडून टाकावे. जेथे कण होते तेथे रंगाचा पापुद्रा निघून खालचा गंज उघडा पडतो, आणि त्याच्या कडा कोणत्याही कुंचल्याला साधणार नाहीत इतक्या अनियमित असतात. धार-पट्टीवर मात्र गंज दाखवणे चूक आहे. ती रोज रस्त्यावर घासून लखलखीत झालेली असते. तेथे पेन्सिलीचे शिसे बोटाने चोळावे, म्हणजे पोलादाची झाक येते. खोटे बर्फ टाकण्याचा मोह कित्येकांना होतो, परंतु खाण्याचा सोडा व डिंक यांचे बर्फ काही वर्षांत पिवळे पडते, आणि एवढ्या परिश्रमाने केलेली चौकट त्याखाली झाकली जाते ती निराळीच. मी तरी ट्रक कोरडा, उन्हाळ्यात खात्याच्या आवारात उभा असल्यासारखा ठेवण्याच्या मताचा आहे.

महाराष्ट्रात बर्फ पडत नाही, म्हणून हे कसब आपल्याला परकेच, असे म्हणण्याचे कारण नाही. ७ मे १९६० रोजी स्थापन झालेली सीमा रस्ते संघटना दर वसंतात ३,९७८ मीटर उंचीची रोहतांग खिंड आणि काश्मीर-लडाखच्या वाटेवरची जोजी ला बर्फातून मोकळी करते. तेथे बर्फ इतके खोल साचते की ट्रकच्या नांगराऐवजी बुलडोझर व फिरत्या पात्यांची बर्फकाप यंत्रे कामाला लावावी लागतात. या संघटनेच्या ग्रेफ या अभियंता दलाचे केंद्र पुण्याजवळ दिघीला आहे. ज्या मराठी मुलांना प्लॅस्टिकचे संच जोडण्याची आवड आहे आणि ज्यांच्या हाती कटर, कानस व कंपास आहे, त्यांनी खोक्यातल्या परदेशी मोटारींवरच न थांबता हिमालयातली ही यंत्रे हाती घ्यावीत. त्यांचा संच दुकानात येण्याची वाट पाहू नये. मिळतील तेवढी छायाचित्रे जमवावीत, चाकाच्या माहीत असलेल्या व्यासावरून बाकीची मापे काढावीत, आधी कागदाचा नमुना कापून पाहावा आणि मगच तक्त्याला हात घालावा.