नऊ जण मिळून एक गोणी

खरिपाची पेरणी झाली, पीक हातभर वर आलं की बुलढाण्याच्या लोणार तालुक्यातल्या बीबीत काय आणि आसपासच्या गावांत काय, एकच चौकशी सुरू होते: कृषी केंद्रात युरिया आला का? आला तर किती गोण्या मिळतील? सोबत नको असलेली एखादी बाटली गळ्यात पडेल का? गंमत अशी, की चौकशी करणारा प्रत्येक जण स्वतःच युरियाचा चालता-बोलता कारखाना आहे. सुट्टी नाही, संप नाही, वीज गेली तरी उत्पादन चालूच.

हिशेब करून बघा. भारतीय माणसाच्या लघवीतून वर्षाला साधारण २.३ किलो नत्र बाहेर पडतं, असा स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी आपल्या आहारावरून काढलेला अंदाज आहे. युरियाची गोणी ४५ किलोची, त्यात नत्र ४६ टक्के, म्हणजे २०.७ किलो. भागाकार बरोबर नऊ येतो. आजोबांपासून नातवापर्यंत नऊ माणसांचं एकत्र कुटुंब दरवर्षी एक गोणी शोषखड्ड्यात सोडतं. हजार वस्तीचं गाव सोडतं १११ गोण्या! गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते म्हणून हे चालून जातं. खरी किंमत कितीतरी जास्त आहे, वरचा भार सरकार अनुदानातून उचलतं. शिवाय प्रत्येकामागे ०.३ किलो स्फुरद आणि १.१ किलो पालाशही वाहून जातं, ते वेगळंच.

त्या स्फुरदाचा शोधच मुळी लघवीतून लागला. १६६९ साली हॅम्बुर्गचा हेनिग ब्रांड लघवी आटवत बसला होता, सोनं काढायचं म्हणून. सोनं राहिलं बाजूला, अंधारात चमकणारा फॉस्फरस हाती आला. पुढे १८२८ मध्ये फ्रीडरिख व्होलरने प्रयोगशाळेत युरिया तयार केला आणि मूत्रपिंडाशिवायही तो बनतो म्हणून रसायनशास्त्रात खळबळ उडाली. आज आपण तो परदेशातूनही जहाजांनी मागवतो.

विदर्भाचा या विषयातला सगळ्यात प्रसिद्ध प्रयोग दिल्लीत झाला. नागपूरच्या नितीन गडकरींनी २०१५ मध्ये जाहीर सांगितलं, की ते बंगल्यावर ५० लिटरच्या कॅनमध्ये स्वतःची लघवी साठवतात आणि बागेतल्या झाडांना घालतात. झाडं दीडपट वाढली, असा त्यांचा दावा. देशभर हशा पिकला. गडी मागे हटला नाही! २०१९ मध्ये नागपूरच्याच एका कार्यक्रमात त्यांनी विमानतळांवर लघवी साठवून युरिया करण्याची कल्पना मांडली. हसणाऱ्यांनी वरचा भागाकार पुन्हा करावा.

त्यांच्या कितीतरी आधी कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी हा विषय आयुष्यभर लावून धरला होता. रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्या म्हणून त्यांनी १९३२ मध्ये उपोषण केलं आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजीही उपाशी बसले. १९४८ मध्ये अप्पासाहेबांनी कणकवलीला गोपुरी आश्रम काढला. मैल्याचं सोनखत करणारा 'गोपुरी संडास' तिथलाच. आपल्याकडे जीवामृतासाठी गोमूत्र धरायला माणूस पहाटे गोठ्यात बादली घेऊन उभा राहतो, पण माणसाच्या मुताचं नाव काढलं की नाक दाबतो. पिकाला हा भेद कळत नाही.

आता थोडं लोणारचं रसायन. ताज्या लघवीत युरिया असतो. डब्यात बंद करून ठेवली की जिवाणूंचं युरिएज नावाचं विकर त्याचा अमोनिया करतं, सामू नऊच्या घरात चढतो आणि रोगजंतू मरू लागतात. अनेक घरांची लघवी एकत्र केलेली असेल तर २० अंशांवर सहा महिने साठवा, मग कुठल्याही पिकाला चालेल, असं जागतिक आरोग्य संघटनेची २००६ ची मार्गदर्शिका सांगते. बुलढाण्यात उष्णतेची काय वानवा! दुसरी युक्ती उलटी आहे: ताज्या लघवीतच चुना किंवा राख घालून सामू दहाच्या वर न्यायचा. म्हणजे जवळजवळ लोणार सरोवराइतका अल्कधर्मी मामला. एवढ्या सामूला युरिएज गप्प बसतं, नत्र उडून जात नाही आणि पाणी आटवून कोरडं खत उरतं. स्वीडनमध्ये हेच करतात.

शेतात ओतताना पाणी मिसळायचं, सरीत सोडायचं आणि लगेच माती ओढायची. उघड्यावर ठेवलं तर अमोनिया हवेत जातो, वास शेजाऱ्याच्या घरात.

पण सोयाबीनवर ही मेहनत वाया घालवू नका. त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतून नत्र ओढतात, त्याला बाहेरून फारसं लागत नाही. गहू, मका, कपाशी, कांदा यांना द्या. शेगाव-संग्रामपूरकडच्या खारपाणपट्ट्यात मात्र हात आखडलेला बरा, कारण लघवीत मीठ असतं आणि तिथली काळी माती सोडियमने आधीच घट्ट झालेली आहे.

फिनलंडमध्ये लघवी दिलेल्या टोमॅटोंना, काहीच न दिलेल्या झाडांच्या ४.२ पट फळं आली. नायजरमधल्या बायकांनी शेकडो शेतांत बाजरीला लघवी दिली, उत्पादन सुमारे ३० टक्क्यांनी वाढलं. डेन्मार्कची तऱ्हा न्यारी. २०१५ च्या रॉस्किल्ड संगीत महोत्सवातली ५० हजार लिटर लघवी जवाच्या शेतात गेली आणि त्या जवाची बिअर २०१७ मध्ये 'पिस्नर' नावाने बाजारात आली. तमिळनाडूतल्या मुसिरीत तर शौचालय वापरणाऱ्यालाच खेपेमागे दहा पैसे द्यायला सुरुवात झाली होती. आपल्याकडे सार्वजनिक शौचालयाच्या दारात उलट आपणच सुटे पैसे शोधतो.