कागदावरचं घर

नगरचा भुईकोट किल्ला आपण नेहरूंमुळे ओळखतो. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीला इथे आणून ठेवलं आणि ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथेच लिहून झालं. त्याच्या तीन वर्षं आधी याच शहरात आणखी एक बंदिवास सुरू झाला होता. त्याचा उल्लेख नगरकरांच्या बोलण्यातही क्वचितच येतो. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटताच इंग्रज सरकारने हिंदुस्थानभरातले जर्मन पुरुष पकडून नगरला आणले. त्यांत व्यापारी होते, मिशनरी होते, नांगा पर्बतची मोहीम आटोपून घरी निघालेला गिर्यारोहक हाइनरिश हारर होता. आणि हिटलरच्या तावडीतून जीव वाचवून या देशात पोचलेले ज्यूही होते. १९३८ पासून ज्यूंच्या पासपोर्टवर नाझी ‘जे’ अक्षराचा शिक्का मारत. जर्मनीला ही माणसं नकोशी. पण पासपोर्ट जर्मन, म्हणून इंग्रजांच्या लेखी शत्रू. चौकशीनंतर अनेक जण सुटले. बाकीचे देवळालीमार्गे डेहराडूनला गेले, काही कुटुंबांना पुरंदर किल्ल्यावर आणि साताऱ्यात ठेवलं. नोव्हेंबर १९४१ मध्ये जर्मनीने देशाबाहेर असलेल्या ज्यूंचं नागरिकत्वच काढून घेतलं. ज्या देशाचे म्हणून त्यांना पकडलं होतं, त्या देशाचेही ते राहिले नाहीत.

युद्ध संपल्यावर ते घरात किती काळ मुक्काम करतं, याचा शोध गेली सहा दशकं चालू आहे. मानसोपचारतज्ज्ञ व्हिव्हियन राकॉफ यांनी १९६६ मध्ये माँट्रियलमधला अनुभव मांडला: नाझी छळातून वाचलेल्यांची, पण स्वतः तो न पाहिलेली मुलं उपचारांसाठी येत होती. २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या रेचल येहुदा यांनी त्या छळातून वाचलेल्या ३२ जणांच्या आणि त्यांच्या २२ मुलांच्या रक्तात, ताणाशी निगडित एका जनुकावरच्या रासायनिक खुणा तपासल्या आणि दोन्ही पिढ्यांत फरक दिसल्याचं सांगितलं. नमुना फार लहान, म्हणून या निष्कर्षावर टीका झाली, आणि ती मला पटते. रक्तापर्यंत जाण्याआधी साध्या गोष्टी पाहायला हव्यात: घर कोणाच्या नावावर आहे, मुलं कोणत्या भाषेत शिकली, सरकारदरबारी हे कुटुंब कोण म्हणून नोंदलं गेलं. त्या पाहायला कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला जावं. तिथली गोष्ट मात्र पोलंडमध्ये सुरू होते.

१० फेब्रुवारी १९४० च्या पहाटे सोव्हिएत शिपायांनी पूर्व पोलंडमधल्या शेतकऱ्यांची, वनरक्षकांची कुटुंबं घरांतून काढली आणि मालगाड्यांत कोंबून रशियाच्या उत्तरेला आणि सायबेरियात नेली. पुढच्या दीड वर्षात अशा आणखी तीन लाटा आल्या. थंडीने, उपासमारीने, टायफसने माणसं मेली. हिटलरने रशियावर हल्ला केल्यावर जुलै १९४१ मध्ये सोव्हिएत संघ आणि पोलिश सरकार यांच्यात करार झाला आणि कैद सैल झाली. १९४२ मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून एक लाखाहून जास्त पोलिश माणसं इराणात पोचली. पुरुष जनरल अँडर्सच्या सैन्यात गेले आणि पुढे इटलीत मोंते कासिनोला लढले. बायकामुलांना मात्र कोणीतरी ठेवून घ्यायला हवं होतं. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला मुलांची सोय केली, आणि १९४३ मध्ये वळिवड्याला मोठी छावणी उभी राहिली. तिथे सुमारे पाच हजार माणसं होती, बहुतेक बायका आणि मुलं.

कोल्हापुरात याचं सगळं श्रेय संस्थानाला देण्याची रीत आहे. संस्थानाची भूमी आणि आसपासच्या गावांची माया खरीच. पण छावणीच्या खर्चाचा भार लंडनमधल्या निर्वासित पोलिश सरकारने उचलला होता, हेही सांगायला हवं. बराकींच्या रांगांमध्ये चर्च होतं, दवाखाना होता, नाटकं होत, स्काउटची पथकं होती. आणि शाळा होत्या, अगदी वरच्या वर्गांपर्यंत. भुकेने खंगलेली मुलं पंचगंगेच्या खोऱ्यातल्या उन्हात पोलंडचा इतिहास पोलिशमध्ये शिकत होती, कारण युद्ध संपलं की घरी जायचं, हे आयांनी गृहीत धरलं होतं.

ते घर फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टात गेलं. रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन यांनी पूर्व पोलंड सोव्हिएत संघाकडे ठेवायचं ठरवलं. जुलैमध्ये ब्रिटनने लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढली, आणि वळिवड्यातल्या आयांच्या हातातले कागद एका दिवसात निकामी झाले. नवरा मोंते कासिनोला ज्या मित्रराष्ट्रांच्या बाजूने लढला, त्यांनीच हे केलं. या कुटुंबांच्या कडवटपणाचं मूळ मला सायबेरियाइतकंच इथे दिसतं. काही जणी पोलंडला परतल्या, पण आपल्या गावी नव्हे. ज्यांचे नवरे, भाऊ अँडर्सच्या सैन्यात होते, त्यातल्या अनेक जणी ब्रिटनला गेल्या आणि तिथेही लष्कराच्या रिकाम्या बराकींत राहिल्या. पुढे काही कुटुंबं कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलियाला पांगली. ब्रिटनमध्ये जन्मलेल्या मुलांना शनिवारच्या पोलिश शाळेत बसवलं गेलं, आणि आजोळ विचारलं तर नकाशावर बोट युक्रेन किंवा बेलारूसवर पडायचं. वळिवड्यात वाढलेल्यांनी मात्र लंडनमध्ये स्वतःची संघटना केली, आठवणींचा जाडजूड ग्रंथ काढला, कोल्हापूरच्या महावीर उद्यानात स्मृतिस्तंभ उभारला. त्यांची नातवंडं आजी वाढली ती जागा बघायला कोल्हापूरला येतात.

१९४८ मध्ये पोलिश गेले आणि त्याच बराकींत सिंधमधून उखडलेली कुटुंबं आली. छावणीचं गांधीनगर झालं. आज तिथे कापडाचा मोठा घाऊक बाजार आहे. नगरमध्येही तारकपूरला सिंधी कॉलनी आहे. या लोकांना देश मिळाला, नागरिकत्व मिळालं, धंदा त्यांनी स्वतः उभा केला. प्रांत मात्र मिळाला नाही. पंजाब्यांना पंजाबचा एक भाग तरी उरला होता. सिंध पूर्णच पलीकडे राहिला. सिंधीला आठव्या अनुसूचीत जागा मिळायला १९६७ उजाडलं. तोवर मुलं मराठी-हिंदी शाळांत रुळली होती, आणि आजोबांनी अरबी वळणाच्या लिपीत लिहिलेली वही नातवाला वाचता येईनाशी झाली. वळिवड्याच्या पोलिश मुलांना तात्पुरत्या छावणीतही आपली भाषा पुरेपूर मिळाली. कायमचे राहिलेल्यांची भाषा तिसऱ्या पिढीत घरापुरती उरली, कुठे तेवढीही नाही.

आणि घर? फाळणीनंतर निर्वासितांना दिलेल्या जागांच्या मालकीचे घोळ राज्यातल्या अनेक सिंधी वसाहतींत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. जमिनीचे हे पट्टे नियमित करण्यासाठी राज्य मंत्रिमंडळाने विशेष अभय योजना मंजूर केली ती २०२५ मध्ये. ज्यांच्या नावे त्या जागा दिल्या होत्या, त्यांतले बहुतेक तोवर वारले होते; अर्ज आता नातवंडं करतील.