घाट उतरण्याआधी ब्रेक ऑइल बघा

जुनी गाडी घेताना रंग, टायर, इंजिनाचा आवाज सगळे तपासतात. ब्रेक ऑइलकडे क्वचितच कोणी बघतं. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट-३ प्रकारचं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर ते १४० अंशांनाही उकळू शकतं. वरंध घाटासारख्या उतारावर ब्रेक सतत दाबून धरले, की चाकांपाशी एवढी उष्णता तयार होऊ शकते. ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात. द्रव जवळजवळ दबत नाही, वाफ मात्र दबते. पेडल तळाला टेकतं आणि गाडी थांबत नाही! ऑइल काळपट दिसलं किंवा कधी बदललं ते विकणाऱ्याला सांगता आलं नाही, तर आधी ते बदला आणि चारही चाकांच्या ब्रेकमधून हवा काढा. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेला प्रकारच घाला. इंजिन ऑइलने ब्रेकचे रबरी सील फुगतात.