लहान मुलाचा ताप : घरी केव्हा थांबावे, गाडी केव्हा काढावी



उसाची लागण, खतांच्या मात्रा, तोडणीचा क्रम यांविषयी या पानांवर नेहमीच लिहिले जाते. या वेळी विषय घरातला घेतला आहे. पावसाळा सरला, थंडी सुरू झाली की सुपा परिसरातल्या वाड्यावस्त्यांवर घरोघर एखादे तरी मूल तापाने फणफणलेले असते. यातले बहुतेक ताप साध्या विषाणूंचे असतात व दोन-तीन दिवसांत आपोआप उतरतात. परंतु थोडे ताप असे असतात, की त्यांत "सकाळी बघू" म्हणून घालवलेली रात्र महागात पडते. या दोहोंतला फरक घरच्या माणसांना ओळखता येतो काय? बऱ्याच अंशी येतो, आणि त्यासाठी डॉक्टर असावे लागत नाही.

आपल्याकडे पहिला प्रश्न विचारतात तो "ताप किती आहे?" असा. खरे तर पहिला प्रश्न "पोर कसं आहे?" हा हवा. उंच व दांडगा दिसणाऱ्या उसाचा साखर उतारा चांगला येतोच असे नाही, हे आपण जाणतो. तापाच्या आकड्याचे तसेच आहे. एखाद्या दीड वर्षाच्या मुलाला 103 ताप आहे, पण औषधाने तो जरा उतरताच ते पेज पिते, आईकडे पाहून हसते, शेळीच्या करडामागे धावू पाहते. दुसऱ्याला ताप जेमतेम 100 आहे, पण मान टाकली आहे, हाक मारली तर डोळे उघडून पुन्हा मिटते. यातले दुसरे मूल आधी दवाखान्यात न्यायचे. ताप उतरल्यावरही मूल मलूलच राहिले तर ती वाईट खूण समजावी.

या नियमाला एक मोठा अपवाद आहे, तो वयाचा. मूल दोन महिन्यांच्या आतले असेल तर आकडाच पाहायचा. काखेत थर्मामीटर लावून 99.5 किंवा अधिक ताप भरला, तर मूल बरे दिसत असले तरी त्याच वेळी रुग्णालय गाठावे. इतक्या तान्ह्या जिवाच्या अंगात जंतू पसरले तरी ते मोठ्या मुलासारखी लक्षणे दाखवत नाही. नुसते दूध कमी ओढते, रडणे बारीक होते. कधी तर ताप न येता अंग गार पडते. तेही तितकेच धोक्याचे. तिसरा महिना पूर्ण होईपर्यंत हीच काळजी घ्यावी. बाळंतिणीच्या खोलीत शेक-शेगडी असते, दुपट्यात गुंडाळून ठेवतात, त्याने बाळाचे अंग तापलेले लागते हे खरे. शंका असल्यास दुपटी सैल करून पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा मोजावे. पण "शेकाचीच ऊब असेल" असे ठरवून रात्र काढू नये.

आता थोड्या मोठ्या मुलांकडे वळू. पाच वर्षांपर्यंतच्या मुलात चार गोष्टींपैकी एकही दिसली तर क्षणाचा विचार करू नये. मूल काहीच पीत नाही किंवा अंगावर ओढत नाही. पोटात घातलेले सगळे उलटून टाकते. झटका येतो किंवा येऊन गेला आहे. अथवा मूल गुंगीत आहे, नीट जागे होत नाही. आपल्या देशात आशाताई व परिचारिका यांना बालरोगाचे जे शिक्षण दिले जाते, त्यात याच चार खुणा धोक्याच्या म्हणून प्रथम शिकवतात.

यानंतर पाहायचा तो श्वास. याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण लहान मुलांचा घात करण्यात न्यूमोनिया पुढे असतो. काही भागांत त्यालाच 'डबा' म्हणतात. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 1988 पासून खेड्यांतल्या साध्या माणसांना मुलाचा श्वास मोजायला व न्यूमोनियावरचे औषध द्यायला शिकवले. ज्यांना मोजणी येत नव्हती त्यांच्यासाठी एका मिनिटाची वाळूची घटिका व मण्यांची रांग असे साधन तयार केले. त्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू शेजारच्या गावांच्या मानाने निम्म्याहूनही कमी राहिले, असे 1990 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसले. आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून गावातल्या, पुष्कळदा निरक्षर, बायांना आरोग्याचे काम शिकवले होते, हे जुन्या मंडळींना ठाऊक असेलच. तेव्हा आपल्या घरच्या माउलीला हे जमणार नाही असे कोणी म्हणू नये.

मोजायची रीत अशी : मूल शांत असताना, शक्यतो झोपेत, त्याचा सदरा वर करावा. पोट किंवा छाती एकदा वर येऊन खाली गेली की एक श्वास. मोबाईलमधले घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजावे. अर्धे मिनिट मोजून दुप्पट करू नये, कारण लहान मुलाचा श्वास एकसारखा नसतो. दोन महिन्यांच्या आतील बाळाचा 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष या वयात 50 किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचा 40 किंवा जास्त भरला तर श्वास जलद आहे. दोन महिन्यांच्या आतील बाळाचा आकडा जास्त आला तर पुन्हा एकदा मोजून खात्री करावी व थेट रुग्णालयात न्यावे. मोठ्या मुलाला त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. आणि श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, मूल कण्हत असेल, नाकपुड्या फुलत असतील किंवा ओठ-जीभ निळसर दिसत असेल, तर मोजत बसू नये. जिथे ऑक्सिजन आहे अशा ठिकाणी तडक न्यावे.

आणखी काही खुणा थोडक्यात सांगतो. मान ताठ होणे, तान्ह्याची टाळू फुगून वर येणे ही मेंदूच्या आवरणाच्या सुजेची चिन्हे असू शकतात. अंगावर लाल-जांभळे ठिपके उठले तर त्यावर काचेचा पेला दाबून पाहावे. ठिपके फिके पडत नसतील तर तातडी आहे. सावळ्या अंगावर ते चटकन दिसत नाहीत, म्हणून तळहात, तळपाय व पापणीच्या आतली बाजू पाहावी. आठ तासांत लघवी नाही, डोळे खोल गेले, टाळू आत बसली, तर अंगातले पाणी आटले आहे.

डेंग्यूची मात्र एक फसवी चाल लक्षात ठेवावी. तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतो, घरचे निर्धास्त होतात, आणि नेमका तेव्हाच धोका सुरू होतो. पोटात जोराचे दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार व चिकट होणे, यातले काहीही दिसले तर ताप नसला तरी निघावे. नागपूरजवळच्या चांदीपुरा गावाचे नाव ज्या विषाणूला 1965 साली मिळाले, तो तर याहून झपाट्याने काम करतो. ताप, उलटी, झटका व बेशुद्धी हे सारे एका दिवसाच्या आत घडू शकते. भिंतींच्या भेगांत राहणारी वाळूमाशी तो पसरवते.

झटक्याविषयी आपल्याकडे फार गैरसमज आहेत. सहा महिने ते पाच वर्षे या वयात ताप चढताना काही मुलांना झटका येतो, आणि पुष्कळदा तो दोन-तीन मिनिटांत थांबतो. त्या वेळी मुलाला कुशीवर वळवावे, कपडे सैल करावेत आणि घड्याळ पाहावे. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवल्याने झटका थांबत नाही. तो थांबायचा तेव्हा थांबतो व श्रेय चपलेला जाते! पाच मिनिटांत थांबला नाही, पुन्हा आला, अथवा थांबल्यावर मूल भानावर येत नाही, तर थेट रुग्णालय. पहिलाच झटका असेल तर तो थांबला तरी त्याच दिवशी दाखवावे.

घरच्या उपचारात पॅरासिटामॉल पुरे. मात्रा वजनावर ठरते : दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम, दोन मात्रांत सहा तासांचे अंतर. बाटलीवरचा आकडा वाचल्याशिवाय देऊ नये, कारण एका बाटलीत 5 मिलिलिटरला 125 मिलिग्रॅम असते, दुसरीत 250, आणि थेंबांच्या बाटलीत त्याहून कितीतरी दाट. "मागच्या वेळी एक बूच दिलं होतं" हे माप नव्हे. तीन महिन्यांच्या आत डॉक्टरांवाचून हेही नको. ॲस्पिरिन मुलांना देऊ नये. निमेसुलाइड बारा वर्षांखालील मुलांसाठी 2011 पासून बंद आहे. खोकल्याचे औषध मनाने तर मुळीच नको. 2025 साली छिंदवाड्याकडे दूषित औषधाने मुले दगावली, ती बातमी आपण वाचली असेल. बर्फाच्या पाण्याने पुसणे, घोंगडीत गुंडाळणे, बिब्ब्याचे चटके देणे हे सारे बंद व्हावे. दृष्ट काढायची असेल तर काढा, पण गाडी आधी काढा.

आता निघण्याविषयी. आमच्या मते मूल दगावते ते पुष्कळदा आजारापेक्षा खोळंब्याने. कारभारी रात्रपाळीच्या पाण्यावर गेलेले, गाडीची किल्ली भावाकडे, आणि सासूबाई म्हणतात "त्याला येऊ दे". धोक्याची खूण दिसली की घरात जी बाई किंवा बाप्या हजर असेल त्यानेच निर्णय घ्यावा, विचारणा वाटेत फोनवर करावी, असे घरोघर आजच ठरवून ठेवावे. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात 2014 पासून आहे व तिला पैसे पडत नाहीत. फोनवर नुसता गट नंबर सांगून चालकाला वाट सापडत नाही. शाळा, देऊळ, चारी, फाटा अशी खूण सांगावी व एका माणसाला बॅटरी घेऊन फाट्यावर उभे करावे. हंगामात शिवाररस्त्यावर उसाची ट्रॉली रुतलेली असते, तेव्हा दुसरी वाट कोणती हेही आधी माहीत असावे. रुग्णवाहिका लांब असेल व दारात गाडी असेल तर वाट पाहू नये. सुप्याहून पारनेरचे ग्रामीण रुग्णालय आहे, नगरला जिल्हा रुग्णालय आहे, महामार्गाने शिरूरही गाठता येते. कोठे बालरोगतज्ज्ञ व ऑक्सिजन मिळेल हे निघता निघता फोनवर विचारावे. मूल शुद्धीवर असेल तर वाटेत अंगावर पाजत राहावे. लसीकरणाचे कार्ड व दिलेल्या औषधाची बाटली सोबत घ्यावी, आणि कोणती मात्रा किती वाजता दिली ते कागदावर टिपून न्यावे.

तोडणीच्या टोळ्यांतली मुलेही आपल्याच फडाच्या कडेला असतात. आईबाप पहाटे फडात जातात, कोपीत तान्हे मूल आठ-नऊ वर्षांच्या बहिणीपाशी राहते. त्या पोरीला श्वास मोजता येणार नाही, आणि मुकादमाकडून उचल घेतलेल्या आईला काम टाकून विचारायचा धीर होत नाही. ज्याचा ऊस तुटतो आहे त्या सभासदाने सकाळी फडावर गेल्यावर कोपीतही एक नजर टाकावी, "लेकरू पितंय का?" एवढे विचारावे, आणि नाही म्हणाले तर खेप थांबवून आपली गाडी द्यावी. गावच्या आशाताईंचा नंबर चिटबॉयकडे व मुकादमाकडे तोडणीच्या पहिल्याच दिवशी लिहून द्यावा.