पेसमेकर आणि ऑक्सिमीटरचा आकडा: गैरसमज व वस्तुस्थिती

पालघर जिल्ह्यातील कोसबाड किंवा तलासरीच्या पाड्यांवरील रुग्णाला पेसमेकर बसवण्यासाठी सहसा मुंबई वा वलसाड-वापीकडे जावे लागते आणि घरी परतल्यावर हाताशी बहुधा बोटाला लावायचा ऑक्सिमीटरच उरतो. म्हणून त्याचा आकडा नेमके काय सांगतो हे कळणे अगत्याचे ठरते.

गैरसमज: ऑक्सिजन उतरला म्हणजे पेसमेकर बिघडला.
वस्तुस्थिती: पेसमेकर मंदावलेल्या हृदयाला विजेचे सूक्ष्म स्पंद देतो, रक्तात ऑक्सिजन मिसळतो तो फुफ्फुसांत. गळ्याखालच्या आडव्या हाडाजवळील शिरेतून तार हृदयात नेताना सुई फुफ्फुसाला लागल्यास छातीत हवा साठून फुफ्फुस आक्रसते. यालाच न्यूमोथोरॅक्स म्हणतात. गुंगीच्या औषधाने श्वास उथळ होणे, अशक्त हृदयामुळे फुफ्फुसांत पाणी साठणे आणि क्वचित रक्ताची गाठ अडकणे हीही आकडा उतरण्याची कारणे असू शकतात. काही रुग्णांत दीर्घकाळच्या कृत्रिम स्पंदनाने हृदय कमकुवत होत असल्याने यंत्राची नियमित तपासणीही टाळता येत नाही.

गैरसमज: पहिल्या दिवशी आकडा उत्तम असला की धोका टळला.
वस्तुस्थिती: न्यूमोथोरॅक्स बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांत कळतो, तरी काहींत तो उशिरा उघड होतो, त्यामुळे घरी आल्यावर नव्याने लागलेली धाप किंवा छातीतील दुखणे दुर्लक्षिता येत नाही.

गैरसमज: ऑक्सिमीटर कधी चुकत नाही.
वस्तुस्थिती: 1974 मध्ये जपानच्या ताकुओ आओयागी यांनी मांडलेल्या तत्त्वावर चालणारे हे उपकरण बोटातून लाल व अवरक्त प्रकाश पाठवून हिमोग्लोबिनचा किती टक्के भाग ऑक्सिजनयुक्त आहे याचा अंदाज बांधते. थंड बोटे, हालचाल आणि नखांचा रंग यांनी हा अंदाज चुकतो, तर काळसर त्वचेत तो प्रत्यक्षाहून अधिक दिसू शकतो. पालघरच्या आदिवासी समाजांत आढळणाऱ्या सिकलसेल आजारातही आकडा फसवा ठरू शकतो. पंडुरोगात हिमोग्लोबिनच कमी असल्याने आकडा 98 असूनही शरीराला मिळणारा एकूण ऑक्सिजन अपुरा असू शकतो.

गैरसमज: घरी ऑक्सिजन लावला की उपचार झाला.
वस्तुस्थिती: ऑक्सिजनने आकडा वाढला तरी मूळ कारण तसेच राहते, साठलेली हवा काढण्यासाठी कधी नळी घालावी लागते, तर पाणी उतरवण्यासाठी औषधे लागतात.

बोट गरम करून, स्थिर बसून पुन्हा मोजूनही आकडा 94 च्या खाली राहिल्यास डॉक्टरांना कळवावे. तो 90 च्या खाली गेल्यास, तसेच आकडा कितीही असला तरी धाप, छातीत दुखणे, ओठ निळे पडणे किंवा भोवळ येणे यांपैकी काही जाणवल्यास, 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि सोबत पेसमेकरचे ओळखपत्र ठेवावे.