खारा वारा, सुकलेलं अर्थिंग आणि रुसलेला पीसी

कॉम्प्युटर बिघडला की पहिला आळ व्हायरसवर येतो. पावससारख्या किनाऱ्याजवळच्या गावात मात्र आधी संशय घ्यावा तो हवेचा आणि विजेचा.

एक नेहमीची तक्रार घ्या. इंटरनेट चालू आहे, पण बँकेची साइट ‘असुरक्षित’ म्हणून उघडत नाही. अशा वेळी कोपऱ्यातली तारीख बघा. ती काही वर्षं मागे गेलेली असेल, तर दोष मदरबोर्डवरच्या रुपयाएवढ्या चपट्या सेलचा आहे. सीआर 2032, 3 व्होल्टचा. सेकंदाला 32,768 वेळा कंप पावणारा क्वार्ट्झचा स्फटिक याच सेलवर घड्याळ चालू ठेवतो. प्रत्येक सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते आणि ब्राउझर ती आपल्या घड्याळाशी ताडून बघतो. घड्याळच मागे गेलं, तर आजचं प्रमाणपत्र त्याला अजून लागूच झालेलं नसतं. प्लग लावलेला असताना हा सेल जवळपास खर्च होत नाही. विजा चमकायला लागल्या की आपण प्लग काढून ठेवतो, आणि ते शहाणपणाचंच आहे. पण त्या काळात घड्याळाचा सगळा भार सेलवर पडतो. नवा सेल घाला, तारीख लावा.

पंखा फिरतोय, पडदा काळा, आतून बीप-बीप. बहुतेक वेळा रॅम. दमट, खाऱ्या हवेत तिच्या सोनेरी पट्ट्यांवर मळाचा पापुद्रा धरतो. प्लग काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या, कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. दोन्ही टोकांच्या खिट्ट्या उघडून पट्टी काढा, मऊ खोडरबर हलक्या हाताने फिरवा, कण झटका आणि खिट्ट्या ‘टक’ वाजेपर्यंत दाबून बसवा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा. एकदम चार गोष्टी बदलल्या, तर दुरुस्ती होईलही, पण दोष कशात होता ते कळणार नाही.

कॅबिनेटला हात लागला की मुंग्या येतात? पॉवर सप्लायमधल्या फिल्टरचा किंचित प्रवाह पत्र्यावर येतो. अर्थिंग नीट असेल तर तो मुकाट जमिनीत जातो. जांभ्याच्या सड्यावर उन्हाळ्यात ओल टिकत नाही, अर्थिंगचा खड्डा सुकतो आणि हा प्रवाह तुमच्या हातातून वाट शोधतो. खड्ड्यात पाणी ओता, तरी जाईना तर वायरमनला बोलवा. पॉवर सप्लायच बिघडल्यानेही असं होतं, म्हणून अंगावर काढू नका.

हार्ड डिस्कमधून टकटक ऐकू आली तर मात्र प्रयोग नकोत. मशीन चालतंय तोवर फोटो, सातबाऱ्याची स्कॅन, आंब्याच्या पेट्यांचा हिशेब पेनड्राइव्हवर घ्या, बटण बंद करा आणि डिस्क रत्नागिरीला दाखवायला न्या.